‘अचानक’ या शब्दाविषयी

(अधारताल, जबलपूर येथील मराठी रहिवाशांच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचं नाव माझ्या पाठीमागच्या फलकावर लिहिलेलं आहे. ते नाव मी कधी उच्चारलेलं नाही. आम्हा मुलांना ते ‘मास्तर’ होते आणि त्यांच्या पत्नी ‘काकू’. आजही मी त्यांना मास्तरच म्हणणार आहे.

माझे वडील इथल्या कृषी विश्वविद्यालयात होते. 1964 साली ते सुरू झालं आणि विदर्भातली बरीच मराठी घरं अधारतालच्या आसपास येऊन राहिली, त्यांतलं एक आमचं. मास्तरांचं घर आमच्या कुंपणाला लागून. त्यांनी मला पाढे शिकवले, मोडी वाचायला शिकवलं, आणि मला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन आधी तेच आले होते.

जानेवारी 1979. संक्रांतीनंतरचा रविवार. मी दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवरून घरी आले होते. सकाळी सातला काकूंनी कुंपणावरून हाक मारली, “बघून जा गं जरा, यांना कसंतरी होतंय.” मास्तर खाटेवर बसले होते. छातीवर तळवा पालथा ठेवलेला. बाहेर जबलपूरचं ते धुकं, आणि त्यांच्या कपाळावर घाम. म्हणाले, “काल वडे जरा जास्त झाले. गॅस धरलाय.” मी मोठ्या ऐटीत नाडी पाहिली. शंभराच्या पुढे होती. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची आकृती मला तेव्हा डोळे मिटून काढता येत होती, महिन्याभरापूर्वीच परीक्षेत काढली होती. आणि मी सांगितलं, “पित्त असेल काकू. सोडा द्या.”

सोडा दिला, ओवा दिला, पाठीला तेल चोळलं. अकराच्या सुमाराला मास्तर गेले. दुपारी अंगणात जमलेली माणसं एकमेकांना एकच वाक्य सांगत होती, “अचानक गेले हो. काल तर हसतखेळत होते.”

पुढे मी पस्तीस वर्षं शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. हृदयाचा पाठ आला की दर वर्षी मला ते अंगण दिसायचं आणि तो शब्द ऐकू यायचा. आज मी त्या एका शब्दाविषयी बोलायला आले आहे. ‘अचानक’ म्हणजे नेमकं काय? मास्तरांच्या शरीरात त्या सकाळी काय घडलं, आणि त्याआधी किती वर्षं काय घडत होतं?

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. खाटकाकडे कलेजी मागितली तर तो यकृत तोलून देतो. पण आपलं काळीज तुटतं, काळजाचं पाणी होतं, काळजावर दगड ठेवावा लागतो, तेव्हा आपला हात छातीच्या डाव्या बाजूला जातो. एकाच शब्दात दोन अवयव राहतात, आणि ही भाषेची चूक नाही. फार जुनं शरीरशास्त्र त्यात जपून ठेवलेलं आहे. चरकसंहितेत रक्तवाही स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहा सांगितलं आहे. दुसऱ्या शतकातला रोमन साम्राज्यातला वैद्य गेलन हाही असंच मानत असे, की अन्नाचं रक्त यकृतात तयार होतं, तिथून ते सगळ्या अवयवांकडे वाहतं आणि तिथेच खर्ची पडतं. म्हणजे रक्त रोज नवं तयार व्हायचं आणि रोज जिरून जायचं.

ही कल्पना समजायला अधारतालसारखी जागा नाही. हा ताल राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांच्या नावाचा. राणीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या नावाचा चेरीताल, अशी ही गोंडकालीन तळ्यांची माळ. जबलपूर बावन्न तालांचं गाव, असं जुनी माणसं अजून सांगतात. तालात पावसाचं पाणी उतरतं, साठतं, पाटाने शेतात जातं आणि मातीत मुरतं. मुरलेलं पाणी तालात परत येत नाही. पुढच्या वर्षी नवा पाऊस लागतो. गेलनचं रक्त असंच होतं. सुमारे चौदाशे वर्षं युरोपात त्याचाच शब्द चालला.

तो मोडला एका साध्या गुणाकाराने. इंग्लंडचा वैद्य विल्यम हार्वे याचं छोटंसं लॅटिन पुस्तक 1628 साली फ्रँकफर्टमध्ये छापलं गेलं. त्याचा प्रश्न शाळकरी होता. हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं, आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? त्याचा हिशेब आपण आजच्या आकड्यांनी करू. एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर, म्हणजे टपरीवरच्या कटिंगएवढं. मिनिटाला 72 ठोके. झाले पाच लिटर. तासाला तीनशे लिटर. दिवसाला सात हजार दोनशे लिटर. नगर निगमचा पाच हजार लिटरचा टँकर वस्तीत येतो ना, तसा जवळजवळ दीड टँकर. इतकं रक्त रोज नव्याने बनवायला माणसाने किती खावं, किती प्यावं? ते शक्यच नाही. तेव्हा रक्त तेच असलं पाहिजे, आणि ते फिरून परत येत असलं पाहिजे.

शरीरात रक्तही साधारण पाचच लिटर असतं. म्हणजे शांत बसलेल्या माणसाच्या हृदयातून मिनिटाभरात सगळ्या रक्ताएवढं रक्त जाऊन येतं. मी हा हिशेब मांडायला घेतल्यापासून तुमचं काही रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन परत आलंही असेल.

हार्वेला एक दुवा मात्र कधी दिसला नाही. रोहिण्यांतलं रक्त शिरांमध्ये कुठून उतरतं? त्या केसाहून बारीक वाहिन्या मार्चेल्लो मालपिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या 1661 साली. हार्वे त्याआधी चार वर्षं गेला होता. डोळ्यांना न दिसलेली वाट त्याने केवळ हिशेबाच्या जोरावर आहे म्हणून सांगितली होती.

आता यंत्र पाहू. मुठीएवढं, तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं. सुश्रुताने हृदयाला खाली तोंड केलेल्या कमळाच्या कळीची उपमा दिली आहे, आणि आकाराच्या दृष्टीने ती आजही चालते. रुंद देठाकडची बाजू वर, टोक खाली आणि डावीकडे झुकलेलं. आत चार कप्पे, वरचे दोन अलिंद आणि खालचे दोन निलय. दिसायला अवयव एक असला तरी शेजारी शेजारी चिकटवलेले ते दोन पंप आहेत. उजवा पंप शरीरातून आलेलं काळपट रक्त फुप्फुसाकडे ढकलतो. अंतर थोडं, म्हणून दाब थोडा आणि भिंतही पातळ. डावा पंप फुप्फुसातून आलेलं ताजं रक्त डोक्यापासून पायापर्यंत पाठवतो. त्याची भिंत उजव्याहून दोन-तीन पट जाड असते. वाटेत चार झडपा आहेत, एकाच दिशेला उघडणाऱ्या. डॉक्टर नळी लावून जे ‘लब-डब’ ऐकतात तो या झडपा मिटण्याचा आवाज.

ठोका कोण देतं? मेंदू नव्हे. उजव्या अलिंदाच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो स्वतःहून विजेचा ताल धरतो. मेंदू त्याला फक्त ‘जरा जलद’ किंवा ‘जरा सावकाश’ असं सांगतो. प्रयोगशाळेत बेडकाचं हृदय बाहेर काढून मिठाच्या योग्य पाण्यात ठेवलं तर ते बराच वेळ धडधडत राहतं. माझ्या वर्गातली मुलं ते पहिल्यांदा पाहायची तेव्हा वर्गात आवाज राहायचा नाही.

आता मी अशा गोष्टीकडे येते की आज घरी जाताना एवढी एकच लक्षात राहिली तरी चालेल. हृदयातून दिवसाला सात हजार लिटर रक्त जातं, पण हृदयाच्या स्नायूला त्यातलं थेंबभर आतून घेता येत नाही म्हटलं तरी चालेल. भिंत जाड आहे. त्याला त्याचं रक्त बाहेरून, स्वतंत्र वाहिन्यांतून मिळतं. महारोहिणी डाव्या निलयातून निघते, तिथेच तिला दोन फांद्या फुटतात आणि हृदयाला मुकुटासारख्या वेढतात. म्हणून त्या कोरोनरी. जाडी तीन-चार मिलिमीटर, लिहायच्या पेन्सिलीच्या निम्मी. मंदिराच्या भोजनालयात दिवसभर पंगती वाढणारा आचारी स्वतःचं जेवण वेगळ्या डब्यातून जेवतो, तसं हे आहे.

आणि तो जेवतो कधी? स्नायू आवळला की त्याच्यातून जाणाऱ्या स्वतःच्या वाहिन्याही तो आवळतो. त्यामुळे डाव्या निलयाला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. मिनिटाला 72 ठोके, म्हणजे एका ठोक्याचं चक्र 0.8 सेकंदाचं. त्यात सुमारे 0.3 सेकंद काम आणि 0.5 सेकंद विसावा. ‘हृदय जन्मभर एक क्षणही थांबत नाही’ असं आपण कौतुकाने म्हणतो, पण हिशेब केला तर चोवीस तासांतले पंधरा तास ते सैलावलेलं असतं. त्या विसाव्यात ते स्वतःचं पोट भरतं. माणूस धावला, घाबरला, संतापला की ठोके वाढतात, आणि वाढणारे ठोके वेळ चोरतात तो जास्त करून विसाव्यातूनच. म्हणजे काम वाढतं नेमकं तेव्हाच जेवणाची सुट्टी कमी होते. धडधाकट माणसाच्या कोरोनरी अशा वेळी रुंदावतात आणि निभावून नेतात. ज्यांच्या रुंदावू शकत नाहीत, त्यांना तिलवाराघाटाच्या पायऱ्या चढताना छातीत कळ येते आणि थांबलं की ती जाते.

बाकीच्या स्नायूंना थोडी सोय असते. रक्त कमी पडलं तर ते आहे त्याच रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घेतात. हृदय शांत असतानासुद्धा आपल्या वाट्याच्या रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेत असतं. गाठीला काही उरलेलंच नसतं. त्याला हवा असतो तो जास्त प्रवाह, दुसरा उपाय नाही.

हृदयरोग अर्थात एक नाही. जन्मतः पडद्याला भोक असतं. लहानपणी घशाच्या विशिष्ट जंतुसंसर्गानंतर सांधे सुजतात आणि झडपा कायमच्या आखडतात. हा दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा रोग, आणि पेनिसिलिनने टाळता येणारा. स्नायूच कमजोर होतो, विजेचा ताल बिघडतो. पण मास्तरांना जो झाला आणि आज या सभागृहातल्या बहुतेक घरांनी ज्याची ओळख करून घेतली आहे, तो रोग पंपाचा नाही. पंपाला पोसणाऱ्या त्या दोन पाटांचा आहे.

इथे सगळे जण, कधी कधी डॉक्टरसुद्धा, गाळाची उपमा देतात. नळात गाळ साचतो तशी चरबी साचते आणि एक दिवस नळ तुंबतो. ही उपमा मी वर्गात देत नसे, कारण ती फसवते. रक्तवाहिनीच्या आत काही नुसतं साचत नाही. जे होतं ते भिंतीत होतं. तुम्हाला जबलपूरच्या पावसाळ्यातल्या घराच्या भिंती माहीत आहेत. रंग चांगला दिसतो, आतून ओल झिरपत असते. मग एके ठिकाणी भिंत फुगते, पोपडा धरते. कोरोनरीचं तसंच आहे. वाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक पातळ अस्तर असतं. उच्च रक्तदाब, तंबाखूचा धूर, रक्तातली वाढलेली साखर यांनी ते दुखावतं. तिथून एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आत झिरपतात. शरीर त्यांना परके समजून पांढऱ्या पेशी पाठवतं, त्या ते कण गिळतात, फुगतात, मरतात. आत दाह धुमसत राहतो. वर पातळ आवरण धरलेला हा मऊ पोपडा म्हणजे प्लाक.

पोपडा प्रवाहाच्या आड येऊ लागला की पायऱ्यांवरची कळ सुरू होते. गोल नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. नळी निम्मी झाली की त्याच दाबाखाली प्रवाह निम्मा राहत नाही, सोळावा हिस्सा उरतो. पण खरा घात वेगळाच असतो. पुष्कळदा जो पोपडा वाट फारशी अडवत नाही, ज्याने कधी कळ दिली नाही, तोच फुटतो. फुटला की शरीराला वाटतं जखम झाली. बोट कापल्यावर रक्त थांबावं म्हणून जी गुठळी धरते तीच इथेही धरते, आणि तीन मिलिमीटरच्या वाहिनीत ती काही मिनिटांत दार बंद करते. शरीराने आपलं रोजचं काम चोख केलेलं असतं, फक्त चुकीच्या जागी. पुढच्या अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो आणि कित्येक तास थराथराने मरत जातो.

मास्तरांच्या बाबतीत सातला कळ होती आणि अकराला ते गेले. दार बंद झालं तो क्षण अचानक होता, आणि शेवटी हृदयाचा ताल विस्कटून ठोक्यांऐवजी नुसती थरथर उरली असेल तर तेही अचानक. पण पोपडा? तो केव्हाचा होता?

1953 साली अमेरिकन सैन्याच्या डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या 300 सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली. सरासरी वय बावीस. निवडून घेतलेली, निरोगी, कवायती पोरं. त्यांतल्या 77 टक्क्यांच्या कोरोनरींमध्ये या रोगाच्या खुणा दिसल्या. म्हणजे पन्नाशीत फुटणारा पोपडा मिसरूड फुटण्याच्या वयापासून धरत असतो.

आपल्याकडे त्याहूनही मागे जाता येतं, आणि तिथवर नेणारं काम पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा, गरोदरपणाच्या आधीपासून, पाठपुरावा सुरू केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिथे साडेतीन किलो, इथे पावणेतीनच्या आत. हातापायाला मांस नाही, पोट लहान. पण पाठीवरच्या चिमटीत चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याएवढीच. आपलं बाळ बारीक दिसतं आणि मेद राखून जन्मतं. याला त्यांनी ‘थिन-फॅट’ म्हटलं, कृश पण मेदस्वी. ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा असायचं त्यांची बाळं अधिक भरलेली होती. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2 टक्के. संशोधकाने स्वतःलाच पुरावा म्हणून उभं केलं होतं. ‘मी कुठे जाड आहे’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने तो फोटो आठवावा आणि वजनकाट्याऐवजी कंबरेला टेप लावावी.

मग कारणं कोणती? याची शिस्तशीर विचारपूस 1948 साली अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सुरू झाली. 5,209 माणसं निवडली आणि वर्षानुवर्षं पाहत राहिले, कोणाला झटका येतो, कोणाला नाही. तोवर डॉक्टरसुद्धा मानत की वयाबरोबर दाब वाढायचाच. आपल्या घरांत तो हिशेब अजून चालतो, ‘वय अधिक शंभर’. सत्तराव्या वर्षी 170 दाब असलेले काका मला अभिमानाने सांगतात की माझा नॉर्मल आहे. तो नॉर्मल नाही, ती भिंतीतली ओल आहे.

2004 साली 52 देशांतल्या सुमारे तीस हजार माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. पहिल्या झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग नऊ गोष्टींनी उलगडतो असं त्यात दिसलं, आणि त्या जगभर त्याच आहेत. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, फळं-भाज्यांची कमतरता, बसून राहणं, आणि मद्याची सवय. फरक दिसला तो वयात. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण 53व्या वर्षी येतो, इतरांना 58व्या. पाच वर्षं आधी.

तंबाखूविषयी इथे थोडं थांबते, कारण जबलपूर-दमोहपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत आपल्या मुलखाने तेंदूपानावर पोट भरलं आहे. बिडी देशी, पानातली, म्हणून सौम्य, ही समजूत मी खूप ऐकली. अस्तराला सिगारेट आणि बिडी यांतला फरक कळत नाही. पण एक चांगली बातमीही आहे. ओढणं सोडलं की धोका त्याच वर्षापासून उतरायला लागतो.

खाण्याविषयी बोलले नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. बडा फुहाऱ्याची खव्याची जलेबी मी सोडलेली नाही. ती आता पाव्हणे आले की येते. तेल कोणतं, यावर घरोघर वाद होतात. आपल्या या विश्वविद्यालयाच्या ‘जवाहर’ नावाचं जेएस-335 सोयाबीन विदर्भ-मराठवाड्याच्या शेतांत पसरलं आणि आपल्या फोडण्या बदलल्या. तेल सोयाबीनचं की शेंगदाण्याचं, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न महिन्याला डबे किती, आणि तळून उरलेलं तेल पुन्हा कढईत जातं का. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून आपल्या देशात दोन टक्क्यांची मर्यादा आहे. लोणचं, पापड, फरसाणातल्या मिठावर मर्यादा मात्र आपणच घालायची आहे.

हा शहरातल्या बैठ्या माणसांचा रोग, असं कोणी म्हणेल, तर गडचिरोलीकडे पाहा. तिथल्या खेड्यांत मृत्यूंच्या कारणांचा शोध घेतला तेव्हा सगळ्यांत वरचं कारण पक्षाघात निघालं, सातांत एक मृत्यू. ओल तीच, भिंत मेंदूच्या वाहिनीची. तो शोध ज्या ‘सर्च’ संस्थेतून झाला, तिचे संस्थापक डॉ. अभय बंग यांना स्वतःला चाळिशीत हृदयविकार झाला आणि त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहून स्वतःच्या राहणीचा ताळेबंद मांडला. मुंबईचे हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके, इतरांची हजारो हृदयं हाताळलेले, 2003 साली झटक्यानेच गेले, साठीच्या आत. ज्ञान डोक्यात असतं. वाहिनीला त्याचा उपयोग, ते रोजच्या दिनक्रमात उतरेल तेव्हाच.

आता त्या रविवारी काय व्हायला हवं होतं ते सांगते. छातीवर दडपण, पंधरा मिनिटांत न जाणारं, जबड्यात, खांद्यात, डाव्या हातात उतरणारी कळ, थंडीत फुटलेला घाम, मळमळ, कारण नसताना लागलेली धाप. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छाती दुखेलच असं नाही. नुसता थकवा, पाठदुखी, धाप एवढंच असतं, आणि घरातली बाई ‘दमले असेन’ म्हणून पोळ्या लाटत राहते. यांतलं काही दिसलं की निदान करत बसू नका. तुम्ही डॉक्टर असलात तरी नाही, आणि दुसऱ्या वर्षाला असलात तर मुळीच नाही. रुग्णाला चालवू नका, स्कूटरवर बसवू नका. 108ला फोन करा, ईसीजी निघेल अशा जागी न्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा कुठे रक्तस्राव नसेल तर अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. आणि माणूस कोसळला, हाकेला ओ देईना, श्वास नीट घेईना, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. ते तुम्ही बाहेरून हृदयाचंच काम करत असता.

अ‍ॅस्पिरिनबद्दल एक सांगायचं राहिलं, ते तारखांच्या क्रमाने सांगते. फेब्रुवारी 1968 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण छातीतलं हृदय बदलून दुसरं बसवण्याचं धाडस आपल्याकडे झालं होतं. त्यानंतर अकरा वर्षांनी मास्तर गेले. आणि त्याच्याही नऊ वर्षांनी, 1988 साली, सतरा हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या पाहणीतून सिद्ध झालं की झटक्याच्या वेळी साधी अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली तर मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी होतात. मास्तरांना अर्धशिशीचा त्रास होता. त्यांच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात, शाईच्या दौतीजवळ, पत्र्याच्या डबीत अ‍ॅस्पिरिनच्याच गोळ्या असायच्या. त्या सकाळीही असतील. ती डबी हातभर अंतरावर होती आणि तिच्यात काय आहे हे जगात कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट मी कित्येक वर्षं स्वतःला समजूत म्हणून सांगितली. मग एकदा काकूंकडे बसले असताना मास्तरांच्या शेवटच्या वर्षाविषयी विचारलं. त्या म्हणाल्या, दिवाळीपासून ते दूध आणायला जाताना वाटेत तालाच्या काठावर थांबायचे. पाणी बघतात असं वाटायचं. घरी येऊन म्हणायचे, जरा छातीत भरून येतं, थांबलं की जातं.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, रोज, त्याच जागी. आम्ही शेजारी राहत होतो.

तेव्हा श्रोतेहो, मास्तर अचानक गेले असं मी आता म्हणत नाही. उद्या सकाळी तालाच्या काठाने फिरायला निघालात आणि ओळखीचं कुणी थांबलेलं दिसलं, तर नमस्कार करून पुढे जाऊ नका. का थांबलात, एवढं विचारा.